लहरीबाबाचा पत्र्याचा डबा

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझी कवळी ग्लासातून उडी मारून शेजाऱ्यांकडे राहायला जावो.

तर त्या दुपारी आमच्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. सोफ्यावर माणसं, जिन्यावर माणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली माणसं. समोरच्या शिंपीणकाकू गळ्यातल्या टेपसकट आल्या होत्या. दातांचे डॉक्टर तर पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून, "आ करून बसा, आलोच," असं सांगून आले होते. आणि मधोमध लहरीबाबा. मांडीवर पत्र्याचा डबा.

बाबांनी आमच्या चिरंजीवांना फर्मावलं, "फोन घेऊन वरच्या खोलीत जा. पीडा भरू दे. मग खाली आण."

मुलगा वर जाऊन आला. फोनवर एक बाई टोपी विणायला शिकवत होती, तिची सुई हवेतच अडकलेली.

"बघा!" बाबा गरजले. "लहर कुंठली! यंत्राला दृष्ट लागली!"

फोन डब्यात गेला, झाकण घट्ट बसलं. "कनेक्टाय स्वाहा, रिकनेक्टाय स्वाहा" असं बाबा शंभरदा म्हणाले आणि झाकण काढलं. बाई सरसर विणत होती! टोपी आधीपेक्षा चार बोटं लांब झाली, असं शिंपीणकाकूंनी टेप लावून सांगितलं.

"विज्ञान इथं संपतं," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

हे सगळं आमच्या घरात आलं कसं, तेही सांगते. आमचं घर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन काडेपेट्या. इंटरनेटची तार खाली दिवाणखान्यात येते, मधे माझी खोली, वर सुनेची. सून कर्णबधिर मुलांची मास्तरीण. संगणकासमोर बसून हातांच्या खुणांनी शिकवते. त्यात चित्र अडकलं की वाक्य अर्ध्यावर लटकतं. एकदा ती "बसा" सांगत होती, चित्र भलत्याच जागी अडकलं आणि अकराच्या अकरा मुलं उभी राहिली.

वर नेट पोचेना म्हणून मुलानं वायफायचे तीन पांढरे ठोकळे आणले. मेश म्हणतात त्याला. खालच्यानं तारेचं ऐकायचं, मधल्याच्या कानात सांगायचं, मधल्यानं वरच्याच्या. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवसापासून चित्र अडकायला लागलं. मुलानं आणखी दोन ठोकळे आणले. जास्तच बिघडलं, म्हणून आणखी दोन. सात ठोकळे! घरात विमान उतरेल एवढे दिवे, आणि सुनेचं चित्र ठप्प. शेवटी शाळेनं कळवलं, आज चारचा तास तुटला तर वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ. मुलगा घाबरला आणि बाबांना घेऊन आला.

"पण वरच्या खोलीचं काय?" त्यानं विचारलं. "संगणक डब्यात मावत नाही."

बाबांनी डोळे मिटले. "दोष यंत्रात नाही, बेटा. वर एक बाई दिवसभर हवेत हात फिरवते. लहरी कापल्या जातात. या घरात चाळीस दिवस हातवारे बंद!"

सगळे सुनेकडे बघायला लागले.

"मला वाटायचंच हो," शिंपीणकाकू म्हणाल्या. "हात फारच चालतात तिचे."

"चाळीस दिवस काय, हां हां म्हणता जातील," असं मीही म्हणाले. हो, म्हणाले.

सुनेनं घड्याळाकडे बघितलं. सव्वातीन. "अहो, तो फोन घेऊन पुन्हा वर जाऊन या."

"मघाशीच तर गेलो होतो!"

"जा म्हटलं ना."

फोन खाली आला, विणणारी बाई पुन्हा अडकलेली. सुनेनं स्वयंपाकघरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, बिस्किटं डॉक्टरांच्या ओंजळीत ओतली, फोन आत घातला, झाकण दाबलं आणि सुरू झाली, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस..." पाढा संपला, झाकण काढलं. बाई सरसर विणत होती.

"पाढ्यातही शक्ती असते," बाबा घाईनं म्हणाले.

"मग तो शाळेत फुकट शिकवतात," सून म्हणाली. "वर नेलेला फोन वरच्या ठोकळ्याला धरून बसतो. खाली आणला तरी सोडत नाही. पत्र्यात कोंडला की त्याचा हात सुटतो, आणि बाहेर काढला की जवळचा ठोकळा धरतो. बाबा कशाला टेकून बसलेत बघा."

बाबा तार जोडलेल्या मुख्य ठोकळ्याला टेकून बसले होते. चटकन सरकले.

"मीटिंगला शाळेत गेले की लिफ्टमधून बाहेर आल्यावर माझा फोन दर वेळी असाच सुधारतो," सून म्हणाली. "लिफ्टला हार घालू?"

"पण तुझ्या खोलीत तर वायफायच्या सगळ्या काड्या दिसतात," मुलगा डॉक्टरांच्या ओंजळीतलं बिस्किट खात म्हणाला.

"काड्या एवढंच सांगतात की ठोकळा माझ्याजवळ आहे. त्याला खालून काही ऐकू येतंय का, ते नाही सांगत. त्यात सात जण एकदम बडबडतात. कुणी कुणाचं ऐकायचं?" मग ती ठोकळे मोजत जिना चढली. सहाच भरले. सातवा कुठे? मधला?

सापडला! माझ्या खोलीत, लोखंडी कपाटात, शालींच्या मागे. वायर दाराच्या फटीतून बाहेर. आमच्या मुलाचा वेंधळेपणा, दुसरं काय!

"बाबा फोनला दोन मिनिटं कोंडतात," सून म्हणाली, "आपण याला महिनाभर कोंडलंय."

तिनं तो ठोकळा जिन्याच्या वळणावर उघड्यावर ठेवला आणि जास्तीचे चारही बंद केले. बाबा "लहरी प्रसन्न झाल्या" म्हणत दाराकडे निघाले. त्यांचा डबा शिंपीणकाकूंनी बटणं ठेवायला ठेवून घेतला.

चार वाजता मी वर गेले. पडद्यावर अकरा मुलं, सगळ्यांचे हात चाललेले, आणि समोर सुनेचे. पूर्ण तासभर एकही हात हवेत अडकला नाही.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की टाळ्या नंतर वाजवा. आधी तोच मंत्राशिवाय होतो का, ते करून बघा. आणि कुणी घरातल्या बाईकडे बोट दाखवलं, तर तिचं काम बंद करण्याआधी कपाटं उघडून बघा.

आता शब्दन् शब्द खरा म्हणाले, त्यातून एक वगळा. वेंधळेपणा मुलाचा नव्हता. तो मेला निळा दिवा दुपारी पडलं की माझ्याकडे डोळे मिचकावायचा, म्हणून तिसऱ्याच दिवशी मी त्याला कपाटात कोंडलं. त्याच दिवशी सुनेचं चित्र अडकायला लागलं, हे मला कळत नव्हतं असं नाही. बाबांनी तिच्यावर खापर फोडलं तेव्हा मला हायसंच वाटलं.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. पण परवा तिनं मला एक खूण शिकवली. दोन्ही तळवे दारासारखे मिटायचे.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"कपाट," ती म्हणाली. "करून बघा, आई. तुम्हाला लगेच जमेल."