सगळं करा म्हणजे काय करा

खोलीच्या दाराला काच होती, आणि काचेपलीकडे कॉरिडॉरमध्ये बाबांच्या मरणाची बैठक भरली होती. थोरला मुलगा डॉक्टरीणबाईंपुढे मान डोलावत होता. शेजारी त्याचे मामा छातीवर हात आपटून काहीतरी ठासून सांगत होते. ज्याचा कॅन्सर, तो मात्र आत कॉटवर.

"बसले पंच," बाबा पुटपुटले. हयात त्यांनी लिफ्ट तपासण्यात घालवली होती. लिफ्टमध्ये शिरलं की आधी धोक्याची बेल दाबायची आणि कोणी येतं का ते बघत उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. बाहेरून 'सगळं ठीक आहे साहेब' म्हणणाऱ्यांना त्यांनी कधी काडीची किंमत दिली नाही.

बैठक उठली. मुलगा उसनं हसू आणून आत आला, मागोमाग मामा.

"बाबा, काळजीच करू नका. मी स्पष्ट सांगितलंय, सगळं करा म्हणून."

"सगळं म्हणजे काय काय?"

मुलानं मामाकडे बघितलं. मामांनी सलाइनच्या बाटलीकडे.

"सगळं म्हणजे सगळंच, दाजी. हृदय बंद पडलं तर परत चालू करतात. टीव्हीवर नाही का, झटका दिला की माणूस उठून बसतो."

"आणि चहा मागतो. शहाणेच आहात! बोलवा त्या बाईंना."

खरं तर हे 'सगळं करा' मुलाच्या डोक्यात बाबांनीच भरलं होतं. शेजारच्या कॉटवरच्या मास्तरांनी मशीन नको म्हणून सांगितलं, आणि लगेच त्यांच्याभोवती पडदा ओढला गेला. चार दिवसांत ते गेले. बाबांनी मनाशी ठरवून टाकलं, नको म्हटलं की आपलं नाव कटलं, मग कितीही दुखलं तरी कोणी फिरकणार नाही. मरणाला ते फारसे भीत नव्हते. पडद्याआड एकटं विव्हळत पडायला भीत होते, आणि हे कोणाला सांगायचं म्हणजे नाक कापून घेणं.

डॉक्टरीणबाई आल्या आणि मुलाकडे बघत म्हणाल्या, "आपण काकांना आरामात ठेवू हं."

"त्याच्याकडे कशाला बघता? दुखणं माझं आहे. हृदय थांबल्यावर काय करता, ते सांगा."

बाईंनी खुर्ची ओढली. छाती जोरात दाबतात, बरगड्या मोडू शकतात, घशात नळी घालून मशीनवर ठेवतात, असं त्यांनी सांगितलं. "तुमचा आजार आता सगळीकडे पसरलाय, काका. एवढं करूनही तुम्ही घरी जाल असं मला वाटत नाही."

मुलाचा चेहरा उतरला. "बाहेर तर तुम्ही 'प्रयत्न करायचे ना?' एवढंच विचारलंत," तो बाईंना म्हणाला.

"असं विचारल्यावर नको कोण म्हणेल हो?" बाबा कडाडले.

"आणि नको म्हटलं तर?" आता बाबांचा आवाज कापत होता. "मास्तरांसारखा पडदा लावून मोकळे?"

"पडदा त्यांच्या बायकोनं मागितला होता, काका. तिला त्यांच्याजवळ पडून राहायचं होतं. दुखण्याचं औषध शेवटपर्यंत चालू होतं. सिस्टर सारख्या जात होत्या."

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉरिडॉरमधल्यांना नावं ठेवता ठेवता त्यांनीही पडद्याच्या बाहेरूनच शेरा मारला होता.

"मग नको," ते म्हणाले. "छाती दाबायची नाही. औषध चालू ठेवा."

मुलगा रडायला लागला. बाबांनी उशीजवळची बेल चाचपली आणि दाबली.

"दाजी, आता बेल कशाला? बाई इथंच आहेत की!"

"त्या काय नेहमी इथं बसणार आहेत?"

बाबा दाराच्या काचेकडे बघत राहिले. मग पावलं वाजली आणि सिस्टर घाईघाईनं आत आल्या.

"काय झालं काका? दुखतंय का?"

"नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सिस्टरांचा हात धरला तो सोडलाच नाही.