गुरुवारी थांबणारे पंखे

तिसऱ्या गुरुवारीही पंखे थांबले, तेव्हा काळदऱ्याच्या माळावर जमलेल्या शहाण्यासुरत्या माणसांनीसुद्धा पायातल्या चपला काढून ठेवल्या. वायुनाथ महाराज जीपच्या टपावर उभे होते. त्यांनी त्रिशूळ वर केला, डोळे मिटले, गाल टम्म फुगवले आणि पश्चिमेला तोंड करून जोरात फुंकर मारली. दहाचा सुमार होता. डोंगराच्या कडेनं उभ्या असलेल्या सातही पवनचक्क्या एकदम मंदावल्या आणि मिनिटाभरात जागच्या जागी थांबल्या. बायांनी पदर पसरले. कुणी नारळ फोडला, त्याचं पाणी एकानं ओंजळीत धरून प्यायलं, कारण बाकी प्यायला फारसं काही नव्हतं.

बीड जिल्ह्यातला तो वाईट उन्हाळा जून संपला तरी सरला नव्हता. मृग कोरडा गेला. रोज दुपारी पश्चिमेकडून काळेभोर ढग यायचे, वारा सुटायचा, डोंगरावरचे पंखे गरागरा फिरू लागायचे आणि ढग गावाच्या डोक्यावरून पुढं निघून जायचे. लोक खालून बघायचे. घरातला पंखा बटण दाबलं की वारा देतो, हे प्रत्येकाला माहीत होतं. मग डोंगरावरचा एवढा मोठा पंखा किती वारा देत असेल, असा त्यांचा हिशेब होता. वारा या पंख्याला फिरवतो, पंखा वाऱ्याला नाही, ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

महाराजांनी ही समजूत अचूक हेरली होती. केजकडून ते जीप घेऊन आले आणि पहिल्याच दिवशी पारावर बसून त्यांनी ढगांचं शास्त्र सांगितलं.

"ढग म्हंजे पिंजलेला कापूस," ते म्हणाले. "कापसाला फॅनचं वारं लागल्यावर काय व्हईल? मी फॅनचा परान बांधतो. सात गुरुवार बांधला की ढग ह्या माळावर बसकण मारल."

कापूस पिकवून पिकवून थकलेल्या गावाला ते शास्त्र लगेच पटलं. गुरुवार हा गुरूचा वार, त्यामुळं वाराबद्दलही कुणाला शंका आली नाही.

शंका आली ती एकट्या शहादेवला. बावीस वर्षांचा शहादेव त्या गुरुवारी कुंपणाच्या आत पिवळं हेल्मेट घालून उभा होता. तो पवनचक्की दुरुस्तीचं शिक्षण घेत होता. पाच महिने झाले होते, सहावा उरला होता आणि शेवटचा सराव त्याच्याच गावच्या डोंगरावर चालू होता. महिन्यानं परीक्षा. पास झाला की इथंच नोकरी आणि आई केसरबाईचा कोयता कायमचा सुटणार होता. बाप गेल्यापासून ती दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला जायची. शहादेवनं अर्धी शाळा फडातच काढली होती. हे शिक्षण हातचं गेलं तर पुढचं आयुष्य कुठं जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

शिकवायला नबीभाई होते. केजचे, मोटारपंप दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातले, पन्नाशीचे. शिडी चढताना पट्ट्याचे दोन हूक असतात, त्यातला एक कायम अडकलेला पाहिजे. वर काम करायचं तर आधी मशीन थांबवायचं, आपल्या नावाचं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. हे त्यांनी शहादेवकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं होतं की तो झोपेतही म्हणाला असता. पहिल्यांदा तो शिडीनं वरच्या डब्यापर्यंत पोचला, झाकण उघडून डोकं बाहेर काढलं आणि लगेच वर पाहिलं. खरं सांगायचं तर त्यालाही वाटलं होतं की ढग हाताशी असतील. ढग खालून जेवढे लांब दिसायचे तेवढेच लांब होते. त्या दिवशी त्याला स्वतःचीच लाज वाटली होती.

पंखे का थांबतात हे त्याला कोडं नव्हतं. खाली वीज उपकेंद्रात लाइनचं काम चाललं होतं. लाइन बंद केली की तयार झालेली वीज जाणार कुठं? म्हणून पंखे आपोआप पाती वळवून त्यांची धार वाऱ्याकडं करतात आणि थांबतात. पण महाराजांना मिनिटाचा अंदाज कसा येतो, हे त्याला उमगत नव्हतं. तेही तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी, उमगलं होतं. फाटकावरच्या चौकीत एक कागद चिकटवलेला होता: गुरुवार, सकाळी दहा ते दोन, लाइन बंद. चौकीत राखणदार गहिनीनाथ बसला होता, मनगटात महाराजांचा काळा दोरा. आणि चौकीसमोर महाराजांची जीप उभी होती, महाराज चौकीत बसून चहा पीत होते.

शहादेवनं त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. आधीच्या दोन गुरुवारचे कागद चौकीच्या खिळ्याला अडकवलेले होते, त्यांचेही काढले. ते घेऊन तो दूध संस्थेच्या चेअरमनकडे, आप्पारावांकडे गेला. आप्पाराव शिकलेले. त्यांनी तिन्ही फोटो मोठे करकरून वाचले, हसले आणि म्हणाले की पोरा, तुझं खरं आहे. मग म्हणाले की पुढच्या महिन्यात संस्थेची निवडणूक आहे, तेव्हा हे माझ्या तोंडून निघणार नाही. घरी आईला सांगितलं तर ती घाबरली. महाराजांच्या वाटेला जाऊ नको, एवढं एकच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

चौथ्या गुरुवारी सकाळी नऊला नबीभाईंना फोन आला. लाइनचं काम आदल्याच दिवशी संपलं, आज काही बंद होणार नाही. चौकीतला या आठवड्याचा कागद मात्र तसाच राहिला, कारण तो काढणारा गहिनीनाथ पहाटेपासून गर्दीत अंगारा वाटत होता. नबीभाईंना उपकेंद्रात जायचं होतं. निघताना त्यांनी चार नंबरच्या पवनचक्कीच्या बुंध्याचं दार शहादेवच्या ताब्यात दिलं; आत चालू-बंद करायच्या बटणांचं पॅनल होतं.

"पॅनलला हात न्हाई लावायचा, बेटा," ते म्हणाले. "परीक्षा झाल्याबिगर हात लावलास तर मी बी वाचवू शकणार न्हाई. मशीन सगळं लिहून ठिवतं."

दहा वाजता महाराजांनी फुंकर मारली. पंखे फिरतच राहिले. त्यांनी दुसरी मारली. सव्वादहाला तिसरी मारली तेव्हा त्यांना ठसका लागला. साडेदहापर्यंत गर्दीत कुजबूज सुरू झाली होती आणि गहिनीनाथ घामानं भिजला होता. पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"फॅन तान्हेला हाय," त्यांनी जाहीर केलं. "तुमचं पानी पिऊनच शांत व्हईल. म्हादेव कोंडता का न्हाई तुमी? तसा ह्याला कोंडा."

पाऊस ओढ देतो तेव्हा या भागात देवळाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवतात, त्याला महादेव कोंडणं म्हणतात. बिचाऱ्या महादेवाला घागरी घागरीनं भागायचं. या नव्या देवाचा पाया म्हणजे खळ्याएवढा सिमेंटचा ओटा, भोवती खडी. त्यावर ओतलेलं पाणी घटकाभरही टिकणार नव्हतं. आणि गावात पाणी होतं ते एकाच ठिकाणी, दूध संस्थेच्या हौदात. माळाच्या पायथ्याला संस्थेच्या आवारात छावणी होती, तिथल्या दोनशे जनावरांचं ते पाणी. पुढचा टँकर सोमवारी येणार होता.

सगळ्यांच्या नजरा आप्पारावांकडे वळल्या. त्यांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं, निवडणुकीचा विचार केला असावा, आणि खिशातून हौदाच्या कुलपाची किल्ली काढून दिली.

गहिनीनाथनं फाटक उघडलं आणि संस्थेच्या टेंपोतून खेपांवर खेपा करून पिंपं वर आली. बायांची रांग लागली. चार नंबरच्या पायाशी पहिली घागर घेऊन आली केसरबाई. पोरगा पंख्याचं मीठ खातो, त्याचं प्रायश्चित्त म्हणून महाराजांनी पहिला मान तिला दिला होता. तिनं डोळे मिटून घागर उपडी केली. पाणी सिमेंटवर पसरलं, खडीत गेलं आणि तापलेल्या दगडावर त्याचा डागही राहिला नाही. पहिली खेप संपली, दुसरी आली.

शहादेव ओट्यावर चढला. त्यानं मोबाइल वर धरला आणि तिन्ही कागद मोठ्यानं वाचले, तारखेसकट, वेळेसकट. आज काम नाही म्हणून पंखे थांबले नाहीत, हे सांगितलं. गहिनीनाथनं गेल्या आठवड्यात बुधवारी कुणाला चहा पाजला, तेही सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात या डोंगरावर एक तरी पवनचक्की होती का, असं त्यानं म्हाताऱ्या माणसांना नावं घेऊन विचारलं. ज्या वाऱ्यानं ढग जातो त्याच वाऱ्यानं पंखा फिरतो, एवढंच आहे, म्हणाला. म्हातारी माणसं खाली बघू लागली. रांग थांबली नाही. तिसरी खेप आली.

तेव्हा त्याचा धीर सुटला. आत पॅनलवर बोट ठेवायचा अवकाश होता. नबीभाईंचे शब्द त्याला आठवले, नाही असं नाही. पण खाली छावणीत सकाळपासून हंबरणारी जनावरंही त्याला ऐकू येत होती.

"म्हाराज, तुमी गप उभं ऱ्हावा. मंत्र न्हाई, फुंकर न्हाई. मी आत जातो, फॅन थांबल," तो म्हणाला आणि दार उघडून आत गेला.

त्यानं थांबवायचं बटण दाबलं. चार नंबरची पाती हळूहळू वळली, वेग ओसरला आणि पंखा उभा राहिला. बाकीचे सहा फिरत होते. शहादेव दारात आला. घागरी हातातल्या हातात राहिल्या होत्या. आता यांना कळलं, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिली बोलली ती केसरबाई.

"म्हंजे तुला फॅन बंद करता येत व्हता?" तिनं विचारलं. "मग इतके दिस कावून न्हाई केलास रं?"

ते वाक्य गर्दीतून मागपर्यंत गेलं. खरंच की. किल्ली आपल्याच पोराच्या हातात होती आणि त्यानं गावाचे ढग जाऊ दिले. सगळे बंद कर, असा गलका उठला. महाराजांनी संधी सोडली नाही. मीच त्याच्या अंगात शिरून पंखा थांबवला, असं ते टपावरून सांगू लागले. एका म्हाताऱ्यानं तर पुढं होऊन शहादेवच्या बुटांपाशी नारळ ठेवला आणि हात जोडले. एका बाबाचं पितळ उघडं करायला गेलेल्या पोराला गावानं दोन मिनिटांत दुसरा बाबा करून टाकलं.

शहादेवला शिसारी आली. तो आत गेला आणि पंखा पुन्हा चालू केला. मग दगड आले. पहिला दारावर, दुसरा हेल्मेटवर. गोंधळात महाराजांची जीप वडवणीच्या रस्त्याला लागली, ती परत आली नाही. तोवर हौदात तळाला नुसता गाळ उरला होता. सोमवारपर्यंत छावणीतली अकरा जनावरं मेली. त्यांच्या धन्यांनी दोष शहादेवला दिला, कारण त्यानं पंखा पुन्हा चालू केला होता.

मशीननं सगळं लिहून ठेवलं होतं. शिकाऊ माणसानं परवानगीशिवाय मशीन थांबवलं आणि सुरू केलं, शिवाय ओट्याभोवती दीडशे माणसं असताना. शिक्षणातून त्याचं नाव कापलं गेलं. हेल्मेट आणि पट्टा जमा करून घ्यायला नबीभाईच आले. तुझ्यासाठी आपण कंपनीशी भांडलो, पण नियम आपणच शिकवलेला, असं त्यांनी सांगितलं. मग पट्ट्याचे हूक उगाच उघडमीट करत बराच वेळ बसून राहिले.

दिवाळीच्या सुमाराला केसरबाई आणि शहादेव ट्रकमध्ये बसून साताऱ्याकडच्या एका सहकारी कारखान्याच्या फडावर गेले. तिकडं पाऊस थांबायला तयार नव्हता. फडात गुडघाभर चिखल, तोड बंद, पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे राहायच्या झोपड्यांत, पाणी. चौथ्या दिवशी संध्याकाळी केसरबाई कोपीच्या तोंडाशी बसली होती. समोरच्या डोंगरावरचं धुकं जरा सरकलं आणि ती बघतच राहिली.

"हितं बी फॅन हायती की रं," ती म्हणाली.

"हायती."

"फिरत्यात."

"फिरत्यात, आई."

डोंगरावर ओळीनं वीस-पंचवीस पवनचक्क्या भर पावसात फिरत होत्या. पाती पावसातून जात होती, ढग त्यांच्या वर होते आणि पाऊस पडत होता. केसरबाईनं तोंडात पदर धरला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पयली घागर मीच वतली." शहादेवला तिचा राग कधीच येऊन गेला होता, आता नुसती कीव येत होती, तिची आणि स्वतःचीही.

काळदऱ्यात आजही पंखेच ढग हाकलतात असं मानणारे पुष्कळ आहेत आणि शहादेवला ती परीक्षा आता कधीच देता येणार नाही. तेव्हा सगळं सुरळीत झालं असं सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. मागणं एवढंच आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा: हे कधी होतं आणि ते आधी कुणाला कळतं? चौकीवरचा कागद वाचा. म्हाताऱ्यांना बहात्तर साल विचारा. दुसऱ्या जिल्ह्यात काय घडतं ते जाऊन बघा. विचारणाऱ्याला वेड्यात काढतील, दगडही मारतील, तरी विचारा. फक्त हौदाचं कुलूप उघडण्याआधी विचारा, कारण नंतर कळून जनावरं उठत नाहीत.