अंड्यातला आवाज

पेणजवळ जिते गावाच्या शेजारच्या वाडीत सकाळी नऊलाच सुशीलच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. वालाच्या शेंगा तोडायच्या सोडून बाया आल्या होत्या, पेणच्या गणपती कारखान्यांत कामाला जाणारी पोरं एसटी सोडून थांबली होती. सगळ्यांची नजर एका बदकाच्या अंड्यावर.

हैबतराव भगताने ते तांब्याच्या ताम्हनात ठेवलं, त्यावर गार पाणी शिंपडलं आणि मंत्र सुरू केला. ‘‘सात खाड्या वलांडून ये, नऊ डोंगर उतरून ये, आयेच्या दारात येऊन बोल!’’ मंत्र लांबच लांब होता. मधेच तो खोकला, तेही लोकांना मंत्रातलंच वाटलं.

आणि मग कवचाच्या आतून आवाज आला. बारीक, रडवेला. पी... पी...

ओटीवर बसलेल्या सुशीलच्या बायकोने, नूतनने, पदराचं टोक दातांत धरलं.

तिची लेक सुरभी सहा वर्षांची होती. भातकापणीत बांधावर तिला घोणस चावली आणि त्यातच ती वारली. त्यानंतर नूतन घरात नुसती बसून असायची. तिचं मन कशात तरी गुंतावं म्हणून सुशीलने मोबाइलवर बघून थर्माकोलच्या पेटीत दोन बल्ब, छोटा पंखा आणि पाण्याची वाटी बसवून अंडी उबवायची पेटी केली. अंडी आमनाचाचीने दिली. खालच्या मोहल्ल्यातली ही म्हातारी, मुलगा कुवेतला, सोबतीला पंधरा बदकं. नूतन दिवसातून चार वेळा अंडी फिरवायची.

सव्विसाव्या दिवशी सुशील रोह्याला कंपनीत शिफ्टला गेला होता. रिकाम्या घरात पेटीतून आवाज आला. सुरभी झोपेतून उठताना अशीच कुरकुरायची. नूतनच्या अंगावर काटा आला. ‘‘सुरभी?’’ तिने विचारलं. पुन्हा आवाज आला. तिने शेजारच्या इंदुबाईंना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. त्या रात्री नूतन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. ते बघून सुशीलनेही हैबतरावाला बोलवायला नाही म्हटलं नाही.

आता हैबतरावाने अंडं उचलून दोन्ही तळव्यांत घट्ट झाकलं. ‘‘सांग पोरी, तुला कुनी करनी करून खाल्लं? तुझ्या आजीनं?’’ बराच वेळ पुटपुटला. अंडं गप्प. ‘‘आमनानं?’’ गप्प. मग त्याने ते पुन्हा ताम्हनात ठेवलं, पाणी शिंपडलं, लांबलचक मंत्र म्हटला. ‘‘मंग... सरूनं?’’

पी! पी! पी!

सरू म्हणजे सुशीलची विधवा भावजय. पलीकडच्या खोलीत एकटी राहायची. ती पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. ‘‘माझ्या मांडीवर निजायची गो ती,’’ एवढंच म्हणाली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

‘‘उद्या सकाळी हिला देवळापुढं उभी करा,’’ हैबतराव म्हणाला. ‘‘मंग वाडीतून काढा. नायतर आनखी पोरं जातील.’’

दुपारी मागच्या दाराने आमनाचाची आली. पेटीला कान लावून हसली.

‘‘आणखी दोन बोलतायत गो. मंग किती सुरभी हायत आत?’’

‘‘असं नको बोलू चाची.’’

‘‘ऐक. फुटायच्या आधी दोन दिस पिल्लू आत चोच मारतं, श्वास घ्यायला लागतं. तवा त्याला आवाज फुटतो. माझ्या बदकीखाली दर येळी बोलतात. गार लागलं की रडतात, ऊब मिळाली की गप. हैबतच्या घरी तीन पिढ्या कोंबड्या हायत. त्याला ठाव नाय?’’

चाची गेल्यावर नूतनने दुसरं अंडं ताम्हनात ठेवलं. जरा वेळाने ते रडू लागलं. तळव्यात धरलं, हळूहळू शांत झालं. तिसरंही तसंच. चौथ्या वेळी तिला हुंदका आवरेना. लेक दुसऱ्यांदा हातातून निसटत होती, आणि या वेळी तिला स्वतःच हात सोडायचा होता.

सकाळी देवळापुढे सरू मान खाली घालून उभी होती. नूतन टोपलीत पेटीतली अंडी ऊबदार फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

‘‘आज मी विचारनार,’’ ती म्हणाली.

‘‘मंत्राबिगर बोलनार नाय ती,’’ हैबतराव गुरकावला.

‘‘बघूया. आणि कालचं अंडं फुटायला लागलंय, त्यात बदकाची चोच दिसते. हे दुसरं हाय.’’ तिने अंडं गार ताम्हनात ठेवलं. मंत्र नाही, काही नाही. लोक चुळबुळू लागले. मग ती म्हणाली, ‘‘माझ्या पोरीला हैबतरावानं मारलं काय?’’

पी! पी!

हैबतरावाचा चेहरा उतरला. ‘‘खोटं हाय ते! अंड्याचं काय ऐकता!’’

‘‘तेच सांगते मी. अंड्याचं काय ऐकायचं?’’ तिने विचारलं, ‘‘मी मारलं काय?’’ आवाज आला. ‘‘या देवळानं?’’ पुन्हा आला. मग तिने अंडं तळव्यांत झाकलं आणि ते शांत होईतो थांबली. ‘‘आता हवं त्याचं नाव घ्या, बोलनार नाय. पिल्लाला गार लागतं म्हनून ते रडतं. हा बुवा ज्याला सोडायचं त्याच्या नावाला ऊब देतो, ज्याला धरायचं त्याच्या नावाला गार पानी.’’

इंदुबाईंनी पुढे येऊन स्वतः करून बघितलं. मग आणखी दोघांनी. हैबतराव टोपी सावरत मागच्या मागे निघाला.

‘‘थांबा बुवा,’’ नूतनने हाक दिली. ‘‘घोणस चावली तवा आम्ही तिला तुमच्याकडं आनली. दोन तास तुम्ही लिंबू उतरवत बसलात. पेनला दवाखान्यात पोचलो तवा डॉक्टर म्हनाले, उशीर झाला. ते दोन तास तुम्हाला सरूताईच्या नावावर टाकायचे होते. पन ते तुमचे हायत. आणि माझेबी, मीच तुमच्या दारात आले.’’

नूतनने सरूचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

‘‘माझी सुरभी गेली. ती अंड्यात नाय, कुठंच नाय. हे मला कळायला लय जड गेलं. पन उद्या तुमच्यातल्या कुनाला साप चावला, तर भगताकडं जाऊ नका. मला हाक मारा. गाडी मी बघते, पेनला मी येते संगती. फक्त येळ घालवू नका.’’