तिसरा भाग आधी

थोरली कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर मेण चढवून, एकेक दात बसवून ती लोकांना हसण्याजोगं तोंड करून द्यायची. सगळं काम उभ्यानं. संध्याकाळी घरी येताना तिच्या भुवयांवर प्लास्टरची पूड असायची आणि पाय असे भरून यायचे, की जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती कठडा धरून थांबायची.

तिसऱ्या मजल्यावर बाबा होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडून होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. समजायचं सगळं. पेपरातली चित्रं बघायचे, भाजी अळणी झाली तर ताट सरकवायचे. पण बोलणं म्हणून नाही. आणि हा माणूस छत्तीस वर्षं बस चालवत बोलत आला होता. ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी त्यांच्या डोक्यावर असायची. ते म्हणायचे, “चालकानं बोलू नये असं कुठे लिहिलंय त्यात?”

दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती त्यांना इस्पितळात न्यायची. तिथे वाचा परत आणणाऱ्या बाई होत्या. त्या कार्डांवरची चित्रं दाखवायच्या: कप, किल्ली, छत्री. बाबा कार्डाकडे बघायचे, बाईंकडे बघायचे, आणि खिडकीबाहेर बघायला लागायचे. असे अकरा गुरुवार गेले. अकराव्याला बाईंनी थोरलीला दारापाशी गाठलं.

“पुढचा गुरुवार शेवटचा,” त्या म्हणाल्या. “बारा वेळांत मला एक जरी शब्द ऐकू आला, तर आणखी सहा वेळा लिहून देता येतात. नाही आला तर फाइल बंद करावी लागते. रांगेत चाळीस माणसं आहेत, ताई.”

“आणि फाइल बंद झाल्यावर?”

“घरी जमेल तेवढं.”

घरी किती जमतं ते थोरलीला पक्कं माहीत होतं. तिनं पिशवी खांद्याला लावली. बाईंनाच राहवलं नाही.

“त्यांना तोंडपाठ असेल असं काहीतरी काढा,” त्या म्हणाल्या. “गाणं, गोष्ट, काहीही. सुरू करा आणि वाक्याच्या मध्येच थांबा. कधीकधी उरलेलं वाक्य आपोआप बाहेर पडतं. फक्त घाई करायची नाही. मनात वीसपर्यंत मोजायचं.”

हे तिनं फोनवर धाकट्या भावाला सांगितलं. तो लांब, दुसऱ्या गावी. धाकट्याची माया कुरियरनं यायची. शनिवारी खोकं आलं, त्यात एक काळी, जाड पेटी: अंतराळातल्या साहसाचे ते तीन सिनेमे, नव्यानं धुऊनपुसून काढलेले, डीव्हीडीवर. सोबत प्लेयरही होता.

हे सिनेमे लहानपणी घरात व्हिडिओ कॅसेटवर होते. बाबांनी कुठूनतरी जुनी पेटी मिळवली होती. त्यातली भाषा घरात कुणालाच येत नव्हती. म्हणून बाबा आवाज बंद करायचे, सतरंजीवर दोन्ही पोरांच्या मध्ये बसायचे आणि गोष्ट स्वतःच सांगायचे. हे त्यांना तोंडपाठ नसेल तर दुसरं काय असणार?

रविवारी तिनं पहिला भाग लावला, आवाज बंद केला आणि बोलायला सुरुवात केली. बाबांनी दहा मिनिटं पाहिलं. मग डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर चापट मारली आणि मान वळवली. सोमवारी तोच प्रकार. दुसऱ्यांदा चापट मारून त्यांनी डोळेच मिटून घेतले. तिनं टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरातून धाकट्याला फोन लावला.

“बघत नाहीत ते. राग राग करतात. त्यांची गोष्टही गेली रे डोक्यातून.”

“कुठला भाग लावलास?”

“पहिला. अजून कुठला लावणार?”

“अगं शहाणे, आपल्याकडे तो पहिला कुठे होता?”

थोरली स्टुलावर बसली. एवढी साधी गोष्ट ती विसरली होती, ते दमण्यामुळेच असणार.

त्या तीन कॅसेटींच्या कडा शेजारी शेजारी लावल्या की एक लांबलचक अंतराळयान तयार व्हायचं. बाबा बसवाले. गाडीचं तोंड आहे तिथून सुरुवात, हा त्यांचा हिशोब. यानाचं नाक होतं तिसऱ्या कॅसेटवर. म्हणून घरात तिसरा भाग आधी, मग दुसरा, आणि पहिला शेवटी.

त्यामुळे व्हायचं ते झालं. तांब्याचा टोप घातलेला सेनापती त्यांच्या पहिल्याच रविवारी सूर्यात पडून मेला. पुढच्या रविवारी तो दुसऱ्या भागात ठणठणीत चालत आला. बाबांनी चित्र थांबवलं, उठून पाणी प्यायले आणि परत येऊन म्हणाले, “हा त्याचा जुळा भाऊ.” दोन तुकडे झालेलं यान धडधाकट दिसलं, तेव्हा ते डेपोत नेऊन जोडून आणलं होतं. यान चालवणारी बाई तिसऱ्या रविवारी एकदम पोरसवदा दिसायला लागली, तेव्हा तिनं एका ग्रहावरचं पाणी जरा जास्त प्यायलं होतं.

थोरली पाचवीत असताना वर्गातल्या एका मुलीनं तिला खरा क्रम सांगितला. ती तोंडात मारल्यासारखी घरी आली आणि धाकट्याला न्हाणीघरात नेऊन सगळं सांगितलं. दोघांनी मिळून ठरवलं, बाबांना कळू द्यायचं नाही. ते आजतागायत कळू दिलं नव्हतं.

“तुला काय वाटतं, त्यांना माहीत असेल?” तिनं विचारलं.

“जुळा भाऊ, म्हणे,” धाकटा म्हणाला. “तुला सुचला असता का? झोप आता. आवाज बघ कसा झालाय तुझा.”

मंगळवारी एका बाईंची कवळी दुसऱ्यांदा परत आली, चावताना टोचते म्हणून, आणि थोरलीला घरी यायला उशीर झाला. राहिला बुधवार.

बुधवारी तिनं आल्या आल्या तिसरा भाग लावला. बाबांची मान वळली नाही. ते पुढे सरकले.

“हा तांब्याच्या टोपाचा,” तिनं सुरू केलं, “दिसायला मोठा, पण भित्रा. ह्याला भीती कशाची, तर...” आणि थांबली. मनात वीस मोजले. बाबा पडद्याकडे बघत राहिले.

ती पुढे गेली. परत थांबली. परत वीस. प्रत्येक वेळी बाबा शांतपणे वाट बघत बसायचे, जणू फाटकापाशी गाडी उभी आहे. सात वेळा झालं. आठव्या वेळी तिनं मोजणं सोडून दिलं. उद्याचं उद्या, असं मनाशी म्हणाली आणि नुसती सांगत सुटली. भाग संपला तसा दुसरा लावला. पाय स्टुलावर टाकले. जुळा भाऊ आला. यानाचे तुकडे डेपोत आले.

“डेपोतला मेकॅनिक खाली वाकून बघतो,” ती म्हणाली. जीभ जड झाली होती. “म्हणतो, हे दोन दिवसांचं काम नाही. आधी माझं ऐका, ह्याच्या पोटात एक...”

तिथे तिचे डोळे मिटले. बसल्या जागी मान कलली.

“मग?”

तिला वाटलं धाकटा. सतरंजीवरचा, दात पडलेला. तिनं डोळे उघडले. बाबा पडद्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. कपाळाला आठी होती.

“मग?” ते पुन्हा म्हणाले. आवाज घोगरा, गंजलेला.

आठ महिने तिला वाटत आलं होतं, की असं झालं तर आपण रडू. रडायला अंगात त्राण लागतं. तिनं पाय खाली घेतले.

“मग काय,” ती म्हणाली. “पोटात एक माणूस लपून बसला होता.” असा माणूस ना सिनेमात होता, ना बाबांच्या गोष्टीत. बाबांनी मान हलवली. चालेल, अशा अर्थाची.

गुरुवारी बाईंनी कार्डं काढली. कप. किल्ली. छत्री. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी कार्डं रबर लावून ठेवली आणि फाइल ओढली.

“काल बोलले,” थोरली म्हणाली.

“ताई, घरचं मला धरता येत नाही.”

“पाच मिनिटं द्या.” तिनं खुर्ची बाबांसमोर ओढली. “तर तो यानाच्या पोटातला माणूस. तीन दिवस उपाशी. मेकॅनिक त्याला विचारतो, बाबा रे, तू इथे कसा? तो म्हणतो, सांगतो, पण आधी दार लावून घ्या. आणि दार लावल्यावर तो...”

ती थांबली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. थोरली मोजत होती. बारा. तेरा. बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. अठरा. एकोणीस. वीस. ती तशीच बसून राहिली. कारण पुढे काय सांगायचं ते तिला खरंच सुचत नव्हतं.

“मग?” बाबा म्हणाले.

बाईंचं पेन हवेत राहिलं. “हा प्रश्न झाला,” त्या हळूच म्हणाल्या. “माझ्या कागदावर ‘विचारल्यावर उत्तर दिलं का’ एवढाच रकाना आहे.”

“तुम्ही शब्द म्हणाला होतात. उत्तर नाही.”

“म्हणाले होते खरी.” त्यांनी समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. “सहा गुरुवार. बाहेर नोंदणीच्या खिडकीवर तारखा घ्या.” बाबांना दारापर्यंत पोचवताना त्यांनी विचारलं, “कोण होता हो तो आत लपलेला?”

“अजून ठरायचंय,” थोरली म्हणाली.

खिडकीसमोर गर्दी होती. तिनं नंबराची चिठ्ठी घेतली आणि कवळ्यांच्या कारखान्याच्या मालकांना फोन लावला.

“आणखी सहा?” मालक म्हणाले. “आणि त्या टोचणाऱ्या बाईंचं काय करू? त्यांच्या मुलीचं लग्न आहे, फोटोत हसायचंय त्यांना.”

“आज उशिरापर्यंत थांबून करते.”

“आज नको. दमलेल्या हातानं केलंस तर पुन्हा टोचेल. उद्या ये.”

ती बाबांशेजारी बाकावर बसली. सहा गुरुवार, म्हणजे जाऊन येऊन बारा बस, आणि प्रत्येक वेळी गोष्टीत पुढे काहीतरी घडायला हवं. नंबर अजून लांब होता. तिनं डोक्याला भिंतीचा आधार दिला. बाबांनी डावा हात पुढे करून तिच्या बोटांतली चिठ्ठी काढून घेतली, नंबर पाहिला आणि भिंतीवरच्या लाल आकड्यांवर नजर लावून बसले. आपला आकडा लागेपर्यंत त्यांनी तिला झोपू दिलं. लागला तेव्हा तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली.