मधली खुर्ची

बाळांनो, एक काम करा. आपण जेवायला बसलोय अशी कल्पना करा. पण डाव्या हाताला एक लाकडी फळी उभी आहे आणि उजव्या हाताला दुसरी. शेजारी कोण बसलंय ते मान लांब केल्याशिवाय दिसत नाही. समोर बांबूचा छोटासा पडदा. तो वर होतो, दोन हात वाफाळता वाडगा आपल्यापुढे ठेवतात आणि पडदा पुन्हा खाली. हात कोणाचे, कोण जाणे! गंमत वाटते ना? आपल्या चुळबुळीलाही एरवी वाटली असती. पण त्या दुपारी तिला अगदी रडू फुटायच्या बेतात होतं.

चुळबूळ हे काही तिचं खरं नाव नव्हे. ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मावशीने लाडाने ठेवलेलं. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. एकेकाळी दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. आणि आता अबोला! कारण काय, तर आजीचं शिवणयंत्र. आजी गेल्यावर ते मावशीच्या घरी होतं. मावशीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिने घर आवरायला काढलं आणि यंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना देऊन टाकलं. आईला विचारलं नाही. आईला कळलं तेही शिंपीणबाईंच्याच तोंडून. झालं! तेव्हापासून दोघी एकाच खोलीत असल्या तरी टपाल चुळबुळीमार्फत.

"तुझ्या मावशीला सांग, तिची छत्री इथे राहिलीय."

"तुझ्या आईला सांग, राहू दे म्हणावं. मी काही वितळत नाही."

मावशी रविवारी जायची होती. चुळबुळीला एकच घोर लागला होता. इथे निदान निरोप पोचवायला आपण आहोत. तिकडे गेल्यावर कोण पोचवणार? मग या दोघी कधी बोलणारच नाहीत.

म्हणून शनिवारी दुपारी बाहेर जेवायला जायचं, हे तिनेच हट्ट करून ठरवलं. जागाही तिनेच निवडली. बसथांब्यावर एका रामेनच्या दुकानाची जाहिरात होती. रामेन म्हणजे जपानी नूडल्स, भरपूर सुपात बुडवलेल्या, वर अंडं. चित्रातला वाडगा हा एवढा, घमेल्यासारखा! चुळबुळीने हिशेब केला, एवढा वाडगा म्हणजे तिघींत एकच मागवायचा. तिन्ही डोकी जवळ येणार, मग न बोलून जातात कुठे?

पण घोडं तिथेच पेंड खात होतं. दुकान निघालं एकेकट्याने जेवायचं! आत बाक नाहीत, टेबलं नाहीत. एका रांगेत खुर्च्या आणि मधे फळ्या. बोलायला लावायचं म्हणून बिचारीने नेमकं असं दुकान शोधलं होतं, जिथे कोणी कोणाचं तोंडही बघत नव्हतं.

"काय गं," मावशी म्हणाली, "जेवायला आणलंस की परीक्षेला बसवलंस?"

"बरंय की," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "कोणी कोणाचं बघून लिहायला नको."

मावशीला हसू आलं. पण तिने ते खोकल्यात लपवलं.

आई एका बाजूला बसली, मावशी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या खुर्चीत चुळबूळ. दुसरं कोण बसणार? पडदे वर झाले, वाडगे आले. त्या हातांपैकी एकाच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. "गरम आहे हं," असं म्हणून हात गेले.

चुळबुळीने दोनच घास खाल्ले आणि मागे रेलून दोन्हीकडे डोकावली. आईने अंड्याच्या दोन्ही अर्धुकांमधलं पिवळं चमच्याने अलगद काढून चिनीमातीच्या बशीत ठेवलं होतं. ती पांढरंच खाते. मावशीकडे पाहिलं, तर तिच्या बशीत नुसतं पांढरं, होडीसारखं रिकामं. तिला पिवळंच आवडतं. लहानपणापासून या दोघी बोलता बोलता, न मागता, एकमेकींच्या ताटात हे टाकत आल्या होत्या. चुळबुळीच्या घरीही नाश्त्याला हेच चाले. आत्ताही दोघींनी सवयीने काढून ठेवलं होतं. ठेवलं खरं, पण आता द्यायचं कुणी?

"चुळबुळे," आई हळूच म्हणाली, "मावशीला विचार, तिला पिवळं हवंय का."

"मावशी, आई विचारतेय, पिवळं हवंय का?"

"तिला सांग, द्यायचंच असेल तर विचारायचं कशाला?"

"आई, मावशी म्हणते, द्यायचंच असेल तर..."

"ऐकलं मी. तिला सांग, काही काही गोष्टी विचारून द्यायच्या असतात. यंत्रंसुद्धा."

"मावशी, आई म्हणते..."

"मीही ऐकलं! मला कान आहेत म्हणावं."

चुळबूळ थांबली. नूडल्स उचलायच्या काड्या हातात तशाच राहिल्या. हिला ऐकू येतं. तिलाही ऐकू येतं. मग आपण काय करतोय इथे? तिने डाव्या फळीकडे पाहिलं, उजव्या फळीकडे पाहिलं. फळ्या तर पुठ्ठ्यासारख्या पातळ होत्या. दोघींच्या मधे खरं कोण बसलं होतं, तर ती स्वतः!

तिने समोरच्या पडद्यावर टकटक केलं. पडदा वर झाला.

"काका, मला तिकडे बसायचंय. त्या टोकाला."

"का गं, इथे काय झालं?" हातांनी विचारलं.

"इथे मी मधे येतेय."

 हातांनी वाडगा उचलला, पडदा पडला आणि रांगेच्या अगदी शेवटच्या जागी तोच वाडगा पुन्हा अवतरला.

"अगं, कुठे निघालीस?" आई म्हणाली.

"चुळबुळे, बैस इथे!" मावशी म्हणाली.

पण ती गेली. आता दोघींच्या मधे एक रिकामी खुर्ची उरली, आणि टपाल बंद. बराच वेळ सूप भुरकल्याचे आवाज येत राहिले.  मग आईचा आवाज आला, चांगला वरच्या पट्टीतला.

"मला एका शब्दाने विचारायचंस तरी!"

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर? मी काय ते डोक्यावर घेऊन गेले असते? ताई, तू एकदा तरी आलीस का गं ते बघायला?"

"मला बघवत नव्हतं, म्हणून नाही आले."

"मग मला बघवत होतं?"

भांडणच होतं ते. पण मावशी 'तुझी आई' नव्हती म्हणाली, 'ताई' म्हणाली होती. चुळबुळीने मान खाली घालून उरलेल्या नूडल्स खायला सुरुवात केली. वाडगा रिकामा झाला. तिचं पोट नगाऱ्यासारखं टम्म फुगलं होतं. तिकडे आवाज आता खाली आले होते आणि मधेच कोणीतरी नाक ओढत होतं. आपलं जेवण आटोपलं असं कळलं, तर दोघी उठतील. निघायची वेळ झाली म्हणतील.

पडदा वर झाला. चिकटपट्टीवाल्या हातांनी विचारलं, "आणखी नूडल्स हव्यात?"

"हो," चुळबूळ म्हणाली, आणि वाडगा पुढे सरकवला. "पण सावकाश आणा."