आगलावा गॅस

एसीचा नवा गॅस आग लावतो, ही आवई वडीगोद्रीत अजमत मिस्त्रीनंच उठवली. तीस वर्षं हायवेलगत एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस तो. गाव त्याच्या शब्दावर डोळे झाकून चालायचं. जुना बावीस नंबरचाच गॅस घ्या, तो पेटत न्हाई, असं त्यानं सांगितलं आणि लोकांनी माना डोलावल्या.

खरी गोष्ट त्यानं पोटात ठेवली होती. जुन्या गॅसची गळती तो बर्नरच्या ज्योतीनं शोधायचा. ज्योत हिरवी झाली की भोक सापडलं. फाल्गुनात शहागडच्या एका ढाब्यावर त्यानं एसीच्या नव्या मशीनलाही सवयीनं तीच ज्योत लावली. आत दोनशे नव्वद नंबरचा गॅस, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. भडका उडाला, भुवया गेल्या. मशीनवर आगीचं चित्र ठळक छापलेलं होतं, ते या शहाण्यानं बघितलंच नव्हतं. आयटीआय शिकून त्याच्याच दुकानात काम करणाऱ्या अफ्रीनला, स्वतःच्या लेकीलाही त्यानं हे कळू दिलं नाही.

वैशाखात उषाबाईंनी त्याला घरी बोलावलं. त्यांची लेक शालू बाळंतपणाला आली होती.

"आठवा लागलाय तिला. पत्र्याखाली जीव नुसता उकडून राह्यला," उषाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं म्हणून जुन्या गॅसचंच मशीन ठरवलं, वापरलेलं. उद्या टेम्पो येतो. हा बघा फोटो."

फोटोत मशीनची गॅस फिरवणारी जाळी सडलेली दिसत होती. महिनाभर चाललं तरी नशीब, आणि एकदा गॅस उडाला की बंद होत आलेला तो गॅस पुन्हा मिळायची मारामार. ऐन बाळंतपणात बंद पडणार हे अजमतला स्पष्ट दिसत होतं. गप्प बसला तर त्याचं नाव शाबूत राहणार होतं. तेवढ्यात घामानं निथळलेली शालू पदरानं वारा घेत बाहेर आली आणि म्हणाली, "चाचा, पंख्याखाली बसा ना." अजमतला स्वतःची लाज वाटली.

"वहिनी, हे घेऊ नका," तो म्हणाला. "नव्या गॅसचं घ्या. पाव किलोच्या जरा वर गॅस असतो त्यात. साबणाच्या फेसानं जोड तपासला अन् जाळ लांब ठेवला, तर भ्यायचं काम न्हाई. शहागडला आग गॅसनं न्हाई, मी लावल्ती."

त्यानं सगळं सांगितलं. उषाबाईंनी तिथूनच फोन लावून टेम्पो नको म्हणून कळवलं.

"नवं घेते," त्या म्हणाल्या. "पण बसवायला अफ्रीनला पाठवा."

हे अजमतच्या जिव्हारी लागलं. खरं बोललो आणि वर हे फळ! वाटभर तो धुसफुसत होता. तरी घरी जाऊन त्यानं लेकीला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

गुरुवारी अफ्रीननं मशीन बसवलं. अजमत शिडी धरायला गेला होता. तिनं जोड आवळले, फेस लावून बघितलं, मशीन सुरू केलं. खोली गार होत आली तशी शालू डोळे मिटून कॉटवर टेकली.

"रात्री कितीवर ठेवायचं?" उषाबाईंनी विचारलं.

"सव्वीसवर ठेवा," अजमत सवयीनं बोलून गेला.

उषाबाई अफ्रीनकडं वळल्या. "बराबर सांगून राह्यले का गं हे?"

अफ्रीननं बापाकडं पाहिलं. "हो काकू," ती म्हणाली, "बराबर हाय."