इन्स्पेक्टरच्या हातातलं पत्र

माझे वडील नंदकिशोर तहसील कचेरीत कारकून, पण घाटंजीत त्यांना सगळे ‘इन्स्पेक्टर’च म्हणत. ‘कुलपाआडचा माणूस’ हे खुनाचं नाटक त्यांनी लिहिलं, बसवलं आणि वीस वर्षं त्यातला इन्स्पेक्टर केला. तिसऱ्या अंकात मयत बाईचं पत्र काढून वाचताना त्यांचे हात थरथरत. लोक म्हणत, हातांचा असा अभिनय मुंबईतही नाही. पडदा पडला की ते हात जोडून सांगत, खुनी कोण ते बाहेर बोलू नका. आमच्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे एक गुपित लोकांनी पाळलं.

मग नाटक रेडिओवर झालं. तिथं कुठलाही कागद चालला असता, फडफड ऐकू आली की झालं. बाबा घरून तेच पत्र घेऊन गेले. कलावंताचे चोचले, म्हणून मी हसले.

यंदा टीव्हीवाल्यांनी त्यावर टेलिफिल्म काढली. बाबा आता ब्याऐंशीचे, इन्स्पेक्टर दुसऱ्यानं केला. दिग्दर्शकाला जुना, पिवळा पडलेला कागद हवा होता. बाबा दवाखान्यात होते, तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात नाटकाची पेटी काढून दिली. पत्र उघडून बघावं असं मला सुचलंही नाही. नाटकातल्या पत्रात काय असायचं?

रविवारी दुपारी आम्ही दोघं टीव्हीपुढे बसलो. इन्स्पेक्टरनं पत्र उघडलं आणि कॅमेरा थेट कागदावर गेला. नट वाचत होता, ‘माझ्या जिवाला धोका आहे.’ कागदावर होतं, ‘गौरीला घेऊन या.’ खाली सही, रंजिता.

गौरी मी. रंजिता माझी आई. मी चार वर्षांची असताना ती घर सोडून नागपूरला गेली, ती गेलीच. साधी चिठ्ठी धाडली नाही, असं बाबा सांगत. त्या न आलेल्या चिठ्ठीसाठी मी जन्मभर तिच्यावर राग धरला. ती वारल्याचं कळलं, तेव्हा नागपूरला गेलेसुद्धा नाही.

पेटी परत आली होती. पत्र काढून मी उभ्यानंच वाचलं. ‘तान्ह्या पोळ्याला दहाच्या गाडीनं येईन. गौरीला घेऊन स्टँडवर या. ती आली तर नेईन, नाहीतर डोळे भरून पाहीन आणि परत जाईन.’

बाबांनी टीव्ही बंद केला होता.

“फाडवत नव्हतं,” ते म्हणाले. “घरात ठेवलं असतं त तुले सापडलं असतं. नाटकाच्या पेटीतला कागद कोण वाचते?”

“आलती ती?”

“तीन साल आली.”

तान्हा पोळा मला आठवतो. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत. त्या दिवशी बाबा मला शेजारच्या मैनाबाईंकडे ठेवून जात आणि दुपारी येताना बाहुली आणत.

“काय सांगत होते तिले?”

“गौरी स्टँडवर याले नाही म्हणते, असं.”

तीन वर्षं, तीन बाहुल्या. चौथ्या वर्षी मी रडून मागितली, तर म्हणाले, आता तू मोठी झाली.

“आन् त्या बाहुल्या?”

बाबांनी मान खाली घातली. “तिनंच देल्ल्या.”

प्रत्येक बाहुलीसाठी मी बाबांच्या गळ्यात पडले होते.